आजचं चिंतन : जिभेचं तप आता बोटांवर आलंय



आजचा श्लोक : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक १५
विषय : वाणीचं तप

माउली, आजचं चिंतन रोजच्यापेक्षा लांब झालंय. दोन भागांत करणार होतो, पण यातली गोष्ट मधे तोडवेना. घरात आठवी-नववी-दहावीतलं कुणी असेल, भाऊ, बहीण, भाचा, पुतणी, तर त्यांच्यासोबत वाचा. आणि नसेल तर स्वतःसाठी वाचा. मी आधी स्वतःसाठीच लिहितोय.

सतराव्या अध्यायात भगवंत तप तीन प्रकारचं सांगतात. शरीराचं, वाणीचं आणि मनाचं. तप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय, एका पायावर उभा असलेला ऋषी वगैरे येतं. पण पंधराव्या श्लोकात तसं काहीच नाही. तिथे बोलण्याच्या चार अटी आहेत. ऐकणाऱ्याच्या मनाला टोचू नये, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. त्याला जोड म्हणून स्वाध्याय. बस. घरात बसून, ऑफिसात बसून, एसटीत उभं राहून करता येईल असं हे तप आहे.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पाठही आहे. पण तो कळला गेल्या महिन्यात, कोयनानगरला, माझ्या नववीतल्या भाच्यामुळे.

ताईचा फोन

ताईचा फोन आला तेव्हा मी पुण्यात कामात होतो. म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना? ये आणि याच्या मोबाईलमध्ये काहीतरी बसवून दे. सगळं बंद होईल असं." आवाज रडवेला होता. शाळेतून बोलावणं आलं होतं.

झालं असं होतं. शाळेत सकाळी परिपाठ असतो. प्रार्थना, बातम्या, सुविचार. त्या दिवशी सुविचार वाचायची पाळी भाच्याच्या वर्गातल्या एका मुलाची होती. तो बोलताना अडखळतो. पहिल्याच अक्षरावर अडकला, सात-आठ वेळा तेच अक्षर आलं, मुलं हसली. कुणीतरी चोरून आणलेल्या मोबाईलवर ते शूट केलं. तो व्हिडिओ भाच्याकडे आला. त्याला एडिटिंग छान येतं. त्याने त्या अडखळण्याला ताल लावला, ते अक्षर ठेक्यात बसवलं आणि बारा सेकंदांची रील करून वर्गाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती दुसऱ्या तुकडीत गेली, तिथून क्लासच्या ग्रुपवर. तो मुलगा आठ दिवस शाळेत आला नव्हता.

शनिवारी मी गावी पोहोचलो. पावसाळा जोरात होता. कोयनेचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, छत्रीचा काही उपयोग नसतो. भाचा खोलीत तोंड फिरवून बसला होता. मोबाईल ताईने कपाटात कुलूप लावून ठेवला होता.

मी मोठा माणूस होऊन सुरू केलं. "असं करतात का? त्या पोराला काय वाटलं असेल?" वगैरे. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "मामा, मी खोटं काय केलं? तो तसाच बोलतो. मी काही जोडलेलं नाही."

मी म्हटलं, "खरं असलं म्हणून काहीही पसरवायचं का?"

तो म्हणाला, "आणि तू खोटं पाठवलं होतंस ते?"

मला कळेना हा कशाबद्दल बोलतोय. त्याने आठवण करून दिली. सप्टेंबर २०२२. तेव्हा हा सहावीत. मी घरच्या ग्रुपवर एक व्हॉइस मेसेज पाठवला होता. मुलं पळवणारी टोळी आली आहे, साधूंच्या वेशात फिरते, आपापली लेकरं सांभाळा. खाली मी लिहिलं होतं, "खात्री नाही, पण काळजी घ्या."

"महिनाभर मला एकट्याला दुकानात पाठवत नव्हते," तो म्हणाला. "आणि गोसावी आला की आजी दार लावून घ्यायची."

माउली, हे शेवटचं वाक्य मला लागलं. माझी आई म्हणजे दारात वासुदेव आला, गोसावी आला की सुपातून पसाभर धान्य घेतल्याशिवाय बाहेर न येणारी बाई. त्यांच्या पाया पडणारी. तिने दार लावून घेतलं होतं. माझ्या मेसेजमुळे.

त्याच महिन्यात, सांगली जिल्ह्यात

पुढचं मी त्याला सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगतो.

१३ सप्टेंबर २०२२. सांगली जिल्ह्यातला जत तालुका, लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू कर्नाटकातल्या विजापूरकडून आपल्या पंढरपूरला निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा तेव्हा मोबाईलवर सगळीकडे फिरत होत्या. लोकांना संशय आला. बोलाचाली झाली, गर्दी जमली आणि त्या चौघांना मारहाण झाली. पोलिसांच्या चौकशीत ते खरेच साधू निघाले.

पांडुरंगाच्या वाटेवर निघालेली माणसं. रस्ता विचारला म्हणून त्यांनी मार खाल्ला.

त्याच्या चार वर्षं आधी, १ जुलै २०१८ ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे याहून भयंकर झालं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. आठवडी बाजाराचा दिवस. हीच अफवा. जमावाने पाचही जणांना ठार मारलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची ही माणसं. मंगळवेढा म्हणजे चोखोबांचं, कान्होपात्रेचं, दामाजीपंतांचं गाव. ज्या मातीत संत झाले तिथून भिक्षेला निघालेली माणसं घरी परत गेली नाहीत. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली, आणि फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तसं लिहून यायला लागलं. पण मर्यादा आकड्याला आली. बोटाला आली नाही.

राईनपाडा मला माहीत होतं. २०१८ साली मी त्यावर ऑफिसात तावातावाने बोललो होतो. आणि चारच वर्षांनी तसाच मेसेज मी स्वतः पुढे पाठवला. "काळजी" म्हणून.

लवंग्याची मारहाण माझ्या मेसेजमुळे झाली असं मी म्हणत नाही. तो आमच्या घरच्या ग्रुपवर होता. पण तिथून कुठे गेला मला माहीत नाही. तेव्हा जो पूर वाहत होता त्यात माझाही एक तांब्या होता, एवढं मात्र नक्की. लवंग्याची बातमी वाचल्यावर मी काय केलं? हळहळलो. ग्रुपवर "मी पाठवलेलं खोटं होतं" असं एक वाक्य लिहायला हवं होतं. ते लिहिलं नाही. लाज वाटली असेल, आळस असेल. तीन वर्षं ते वाक्य राहून गेलं.

चारही अटी एकत्र

त्या रात्री झोप लागेना म्हणून सतरावा अध्याय काढला. आणि माझी आणि भाच्याची भानगड एकाच श्लोकात दिसली.

त्याचा व्हिडिओ खरा होता. पण टोचणारा होता, प्रिय नव्हता, हिताचा तर नव्हताच. माझा मेसेज हिताच्या भावनेने पाठवलेला होता. पण खरा नव्हता. त्याने सत्य धरलं आणि बाकी सोडलं. मी हित धरलं आणि सत्य सोडलं. दोघांनाही वाटत होतं की आपण बरोबर आहोत. कारण चारपैकी एक अट दोघांनीही पाळली होती!

आदि शंकराचार्यांनी या श्लोकाच्या भाष्यात नेमकं इथेच बोट ठेवलंय. या गुणांपैकी एक जरी कमी पडला, दोन पडले, तीन पडले, तर ते वाणीचं तप होत नाही. चारही एकत्र हवेत. पर्याय नाहीत ते. आमच्या भाषेत सांगायचं तर इथे "किंवा" नाही, "आणि" आहे. कोड लिहिणाऱ्याला या दोन शब्दांतला फरक सांगावा लागत नाही. एका शब्दाची चूक झाली की नको तो माणूस आत शिरतो.

ज्ञानोबा माउलींनी ज्ञानेश्वरीत यावर जे दृष्टांत दिलेत ते तर आजच्यासाठीच दिल्यासारखे वाटतात. परीस लोखंडाचं सोनं करतो, पण करताना लोखंडाला तोडत नाही, त्याचं वजन कमी करत नाही. तसं समोरच्याला कमी न करता त्याला सुख देणारं बोलणं. आता रील आठवा. एका मुलाला कमी केल्याशिवाय ती रील बनतच नव्हती. तिचं सगळं हसू त्याच्या कमी होण्यातून आलेलं.

दुसरा दृष्टांत पाण्याचा. पाणी घालतो आपण झाडाला, पण आजूबाजूचं गवतही आपोआप जगतं. तसं एकाला बोललेलं सगळ्यांच्या हिताचं व्हावं. ग्रुप म्हणजे दुसरं काय? एकाला उद्देशून लिहायचं आणि चाळीस जणांनी वाचायचं. झाडाला पाणी घातलं तर गवत जगतं, आणि झाडाच्या मुळाशी विष ओतलं तर गवतही जळतं. ती रील बघून हसलेल्या चाळीस मुलांमध्ये अजून कुणी अडखळणारं असेल, कुणी जाड असेल, कुणाचे कपडे जुने असतील. त्या सगळ्यांना त्या दिवशी एकच धडा मिळाला, की इथे तोंड उघडायचं नाही.

आणि तिसरी गोष्ट माउली सांगतात ती मला सर्वांत जास्त लागू पडते. कुणी विचारलं तर असं बोलावं. नाहीतर वेदाची किंवा नामाची आवृत्ती करत राहावं. म्हणजे न विचारता बोलायची गरज नाही. माझ्या दिवसातल्या किती कमेंट, किती फॉरवर्ड, किती "माझं मत" कुणी विचारलेलं असतं? मोजलं एक दिवस. सांगण्यासारखा आकडा नाही.

आबांचं धरण

रविवारी सकाळी पाऊस थोडा उघडला. आबा, मी आणि भाचा नेहरू उद्यानाकडे गेलो. तिथून धरण दिसतं. आबांची सगळी नोकरी धरणावर गेली. भाच्याशी ते याविषयी काहीच बोलले नव्हते. मी मुद्दाम विचारलं, "आबा, दरवाजे उघडायच्या आधी काय काय करायचात?"

आबा रंगून गेले. धरणाला सहा वक्राकार दरवाजे आहेत. जलाशयात शंभर टीएमसीहून जास्त पाणी साठतं. दरवाजा उघडायचा म्हणजे आधी पाण्याची पातळी बघायची, पाऊस बघायचा, वरून हुकूम घ्यायचा, खालच्या गावांना कळवायचं, भोंगा वाजवायचा. मग फूट, दीड फूट असा उचलायचा. एकदम नाही. कारण इथून सुटलेलं पाणी पाटणला जातं, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेत मिळतं आणि तिथून सांगलीला. इथे दरवाजा उचलणाऱ्याला सांगलीतलं घर दिसत नसतं.

"उघडणं सोपं असतं रे," आबा म्हणाले. "खालच्या गावाचा विचार करायचा, त्याचाच पगार होता."

भाचा बराच वेळ धरणाकडे बघत होता. मग म्हणाला, "मामा, डिलीट केली तर?"

मी त्याला खरं ते सांगितलं. तुझ्या ग्रुपवरून जाईल. पण जी दुसरीकडे गेली ती तुझ्या हातात नाही. कुणी सेव्ह केली असेल, कुणी स्क्रीनशॉट काढला असेल. सुटलेलं पाणी धरणात परत येत नाही. पण पुढचा दरवाजा बंद करता येतो. आणि खालच्या गावात जाऊन चिखल उपसायला हात लावता येतो.

दुपारी मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, "सप्टेंबर २०२२ मध्ये मी पाठवलेला मुलं पळवणाऱ्या टोळीचा मेसेज खोटा होता. मी खात्री न करता पाठवला. माझं चुकलं." काकांनी अंगठा दिला. एकाने विचारलं, "कोणता मेसेज?" आईने काही लिहिलं नाही. संध्याकाळी स्वयंपाक करता करता एवढंच म्हणाली, "मला तेव्हाच वाटलं होतं."

भाच्याने वर्गाच्या ग्रुपवर लिहिलं की रील मी केली होती, चूक झाली, ज्याच्याकडे असेल त्याने काढून टाका. मग आम्ही दोघं त्या मुलाच्या घरी गेलो. मुलगा बाहेर आला नाही. त्याची आई दारात उभी होती. भाचा जे पाठ करून आला होता ते बोलताना दोनदा अडखळला. त्या माऊलीने ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि आम्हाला चहा विचारला. आम्ही नको म्हणालो.

तो मुलगा पुढच्या आठवड्यात शाळेत आला. भाच्याशी बोलत नाही. भाच्याला वाईट वाटतं. मी त्याला सांगितलं, माफी मागणं तुझ्या हातात होतं, देणं त्याच्या हातात आहे. घाई करू नकोस.

मोठ्यांसाठी : पहिला अध्याय

ताईला हवं होतं तसं "सगळं बंद" मी केलं नाही. कुलूप लावलेला मोबाईल उद्या मित्राच्या हातात दिसतो. आणि मोठी भीती वेगळीच आहे. उद्या त्याला कुणी धमकावलं, फोटो मागितला, पैसे मागितले, तर तो घरी सांगणार नाही. कारण सांगितलं की मोबाईल जातो, हे तो शिकलेला असेल.

गीतेचा पहिला अध्याय बघा. अर्जुन बोलतो, रडतो, चुकीचे युक्तिवाद करतो, धनुष्य टाकतो. भगवंत त्या संपूर्ण अध्यायात फक्त एक वाक्य बोलतात, जमलेल्या कौरवांना बघ म्हणून. बाकी ऐकून घेतात. आणि अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर म्हणतात, यावर नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. प्रत्यक्ष भगवंताने आज्ञा लादली नाही. आधी ऐकलं, मग सांगितलं, मग विश्वास टाकला. नववीतल्या मुलाशी बोलायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. मी मात्र शनिवारी उलटं सुरू केलं होतं, थेट उपदेशापासून.

आणि एक कबुली आपल्या सगळ्यांसाठी. डीपीवर पांडुरंग, बायोमध्ये "दास", आणि कमेंटमध्ये शिव्या. आपल्या संतांवर कुणी वेडंवाकडं लिहिलं की आपण "धर्मासाठी" तुटून पडतो. पसायदानात माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि सत्कर्माची गोडी लागावी, असं मागितलं. घरातली पोरं आपली कमेंट वाचतात. परिपाठात हसायचं नाही हे त्यांना शाळा सांगते, पण कुणावर हसलेलं चालतं हे ती आपल्याकडून शिकतात.

पोरांसाठी : भोंगा कधी वाजवायचा

हा भाग भाच्यासोबत बसून केलाय. भाषा माझी, मुद्दे अर्धे त्याचे.

पाठवण्याआधी चार प्रश्न. यात कुणी दुखावतंय का? मला हे खरं असल्याचं माहीत आहे की फक्त "आलंय"? ज्याच्याबद्दल आहे तो समोर बसला असता तर मी हे दाखवलं असतं का? आणि याने कुणाचं भलं होणार आहे? चारांपैकी एकाचंही उत्तर चुकलं तर दरवाजा बंद. आमच्याकडे छोटा धक्का बसला की लगेच "आज रात्री मोठा भूकंप" असे मेसेज येतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण असलेली म्हातारी माणसं त्या मेसेजने रात्रभर अंगणात बसतात. भूकंपाची तारीख-वेळ आधी सांगणं शास्त्राला आजही जमलेलं नाही. मेसेजला जमलं असेल का?

दुसऱ्याचा फोटो, व्हिडिओ विचारल्याशिवाय टाकायचा नाही. मित्र असला तरी. विनोद असला तरी. ज्याची टर उडवली जातेय तोही हसला तरच ती मस्करी.

अकाउंट प्रायव्हेट ठेवायचं. इन्स्टाग्राम तेरा वर्षांच्या आत नाही, हा त्या कंपनीचाच नियम आहे. इन्स्टाग्रामने आता अठराच्या आतल्यांसाठी वेगळं अकाउंट आणलंय. ते आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही. खोटं वय टाकलं की ती भिंत आपणच पाडतो. शाळेचं नाव, घराचा पत्ता, आत्ता कुठे आहे, हे जगाला सांगायचं कारण नाही. ओटीपी आणि पासवर्ड जिवलग मित्रालाही नाही.

ज्याला प्रत्यक्ष भेटलेलो नाही तो कितीही गोड बोलला तरी अनोळखीच. तो "घरी सांगू नकोस" म्हणाला की समजायचं, आता घरी सांगायलाच हवं. ऐकणाऱ्याला गोड वाटलं म्हणजे ते हिताचं असतं असं नाही, म्हणून तर श्लोकात प्रिय आणि हित दोन्ही शब्द आले आहेत.

कुणी खासगी फोटो मागितला तर द्यायचा नाही. कुणाचा आला तर पुढे पाठवायचा नाही आणि ठेवायचाही नाही, लगेच घरातल्या मोठ्या माणसाला सांगायचं. अठराच्या आतल्या मुलामुलींचे तसले फोटो जवळ बाळगणं आणि पसरवणं हा गंभीर गुन्हा आहे, पाठवणारा स्वतः शाळेत असला तरी.

आणि कुणी धमकावलंच, तर तीन गोष्टी. उत्तर द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत. धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत, तो पुरावा आहे. आणि त्याच दिवशी एका मोठ्या माणसाला सांगायचं. आई, बाबा, मामा, बाई, सर, कुणीही चालेल. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, मूल स्वतः फोन करू शकतं. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर १९३०. मन फारच खचलं, कशातच राम वाटेना, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीतून बोलता येतं. हे नंबर आज रात्रीच मोबाईलमध्ये सेव्ह करा. भोंगा वाजवायला लाज कसली? तो वाजवला म्हणूनच खालचं गाव उठतं.

चूक तुझ्याकडून झाली असेल तरी सांग. हे भाच्याने घालायला सांगितलं.

स्वाध्याय

श्लोकातला हा शब्द आपण नेहमी सोडून देतो. चार अटींनंतर स्वाध्यायाचा अभ्यास येतो. मला वाटायचं, हा वेगळा विषय इथे का आला? आता वाटतं, जीभ नुसती आवरून आवरत नाही. तिला चांगलं काम द्यावं लागतं. बोटांचंही तेच.

आमच्या पाटण तालुक्यातच चाफळ आहे, समर्थांचं. त्या समर्थांनी दासबोधात लिहिण्याच्या क्रियेवर अख्खा समास लिहिलाय. अक्षर कसं असावं, ओळी कशा असाव्यात, पान कसं राखावं. रामनाम सांगणाऱ्या संताने अक्षराच्या वळणाची एवढी काळजी का करावी? कारण लिहिलेलं टिकतं. लिहिणारा समोर नसताना दुसऱ्याच्या हातात पडतं. हे त्यांना बोरू आणि शाईच्या काळात ठाऊक होतं. आपल्या हातात तर एका क्षणात शंभर हातांत पडणारी पाटी आहे.

भाचा हल्ली रोज रात्री हरिपाठातला एक अभंग म्हणून त्याचं रेकॉर्डिंग मला पाठवतो. मी सांगितलं नव्हतं. उच्चार चुकतात. परवा एका शब्दावर तीनदा अडकला, तसंच पाठवलं. खाली लिहिलं, "मामा, एडिट नाही केलं."

मी ते कुणालाही पुढे पाठवलेलं नाही. त्याला विचारूनच ही ओळ इथे लिहिली आहे. आणि ही सगळी गोष्टही, त्याला आणि ताईला आधी वाचून दाखवूनच.

आजचा संकल्प : आज दिवसभरात काहीही पुढे पाठवण्याआधी एकदा "राम कृष्ण हरी" म्हणायचं. तेवढ्या वेळात चार प्रश्न विचारून होतात. आणि आपण कधी काही खोटं किंवा टोचणारं पाठवलं असेल, तर आज त्याच ग्रुपवर एक वाक्य लिहायचं. उशीर झाला असला तरी.

उद्याचा श्लोक : अध्याय १७, श्लोक १६. मनाचं तप.

राम कृष्ण हरी, माउली.